ठरलेल्या वेळी मरणाऱ्या १३१ पेशी

२०२४चं वैद्यकशास्त्राचं नोबेल व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना जाहीर झालं, तेव्हा बातम्यांमध्ये पुन्हा एकदा एका सूत्रकृमीचं नाव आलं. सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स, थोडक्यात सी. एलिगन्स. जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा, काचेसारखा पारदर्शक, कुजणाऱ्या पालापाचोळ्यातले जिवाणू खाऊन जगणारा जीव. तो माणसाला रोग देत नाही, पिकाचं नुकसान करत नाही. तरी त्याच्यावरच्या कामाला मिळालेलं हे चौथं नोबेल. हे दोघेही उमेदीच्या काळात रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेत होते. आणि खुद्द हॉर्विट्झ यांना २००२ साली ज्या कामासाठी नोबेल मिळालं, ते मला या चारही पुरस्कारांमध्ये सर्वांत विलक्षण वाटतं. त्यामागचा प्रश्न असा होता: पेशी मरते ती झिजून, मार खाऊन मरते, की मरायचं कसं हे तिच्याच जनुकांत लिहिलेलं असतं?

या प्रश्नाचं उत्तर आज कॅन्सरच्या औषधांपर्यंत पोचलं आहे. ते कसं, हे समजायला फार जीवशास्त्र यावं लागत नाही. थोडा धीर मात्र हवा, कारण गोष्ट मोजणीपासून सुरू होते.

तुटलेलं पान आणि गळलेलं पान

वादळात झाडाची पानं तुटतात. ऋतू बदलला की पानं गळतात. दोन्ही वेळा पान जमिनीवरच येतं, पण फरक मोठा आहे. गळणाऱ्या पानाच्या देठाशी झाड आधी एक नाजूक थर तयार करतं, आणि पान तिथून अलगद सुटतं. म्हणजे पान सोडणं हे झाडाचं काम आहे, झाडावर आलेलं संकट नव्हे.

पेशींचंही असंच असतं. भाजलं, चेचलं, रक्तपुरवठा तुटला, की पेशी फुगते, फुटते, आतला मालमसाला आजूबाजूला सांडतो आणि तिथे सूज येते. हे तुटलेलं पान. दुसऱ्या प्रकारात पेशी आक्रसते, स्वतःच्या डीएनएचे तुकडे करते, सगळं आवरून घेते आणि शेजारच्या पेशी तिला गिळून टाकतात. सूज नाही, व्रण नाही. जॉन केर, अँड्र्यू वायली आणि अलिस्टर करी या तिघांनी १९७२ साली या दुसऱ्या प्रकाराला ‘ॲपॉप्टॉसिस’ हे नाव दिलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच पानगळ असा आहे. आपण त्याला नियोजित पेशीमृत्यू म्हणू.

बेडकाच्या पिल्लाची शेपटी नाहीशी होते ती याच मार्गाने. गर्भातल्या बाळाचा हात सुरुवातीला वल्ह्यासारखा सपाट असतो. बोटांच्या मधल्या पेशी मरतात आणि बोटं सुटी होतात. मोठ्या माणसाच्या शरीरातही रोज अब्जावधी पेशी अशाच निमूटपणे जातात आणि त्यांच्या जागी नव्या येतात.

पण हे शिकायचं कसं? माणसाच्या शरीरात पेशींना अंत नाही. त्यातली नेमकी कोणती पेशी आता मरणार, हे आधी कळायला काही मार्ग नव्हता. जी घटना कुठे आणि कधी घडणार ते ठाऊक नाही, तिच्यावर प्रयोग करता येत नाहीत.

मग हाच कृमी का?

सिडनी ब्रेनर यांनी १९६३ साली केंब्रिजमध्ये या कृमीवर काम करायचं ठरवलं, ते विचारपूर्वक. अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला साधारण साडेतीन दिवस. एका कृमीला तीनशेच्या आसपास पिल्लं. बहुतेक कृमी उभयलिंगी, म्हणजे जोडीदाराशिवायच प्रजा होते. त्यामुळे जनुकातला एखादा दडलेला दोष नातवंडांमध्ये आपसूक उघडा पडतो. नको तेव्हा गोठवून ठेवा, हवा तेव्हा पुन्हा जिवंत करा. शिवाय अंग पारदर्शक, त्यामुळे जिवंत कृमीच्या आतली एकेक पेशी सूक्ष्मदर्शकातून दिसते.

जॉन सल्स्टन यांनी नेमकं तेच केलं. ते पाहत बसले. एक पेशी दुभंगली, दोन झाल्या, त्यातली डावी कुठे गेली, तिच्या पुढे किती झाल्या, याची वंशावळ हाताने काढत गेले. अंड्यातून बाहेर आल्यानंतरची वंशावळ हॉर्विट्झ यांच्यासोबत १९७७ साली प्रसिद्ध झाली. अंड्याच्या आतली, त्याहून अवघड, १९८३ साली पूर्ण झाली. तिच्यासाठी सल्स्टन यांनी सुमारे दीड वर्ष रोज चार-चार तासांच्या दोन बैठका सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून काढल्या. विज्ञानातल्या मोठ्या कामांची यादी करताना आपण कल्पनांना मान देतो. माझ्या लेखी ही बैठकही त्याच मानाची आहे.

त्या वंशावळीतून निघालेला हिशेब असा. उभयलिंगी कृमीच्या वाढीत प्रजननपेशी सोडून एकूण १०९० पेशी तयार होतात. त्यातल्या १३१ मरतात. ९५९ उरतात. १३१ पैकी ११३ अंड्यातच मरतात, बाकीच्या १८ अंड्याबाहेर आल्यावर. आणि प्रत्येक कृमीत त्याच १३१ मरतात, जवळपास त्याच वेळी.

दोन कृमींमध्ये नेमकी तीच पेशी त्याच सुमारास मरत असेल, तर तो अपघात असू शकत नाही. शिवाय आता मरणाऱ्या प्रत्येक पेशीचा पत्ता हाती होता.

मारायच्याच होत्या तर तयार कशाला केल्या?

हा प्रश्न रास्त आहे. एक उत्तर असं की शरीर प्रत्येक भागासाठी नवा आराखडा काढत बसत नाही. पेशी दुभंगण्याचा एकच साचा शरीरभर पुन्हा पुन्हा वापरला जातो आणि जिथे त्यातली एखादी पेशी नको असते, तिथे ती काढून टाकली जाते. शिंपी कापड बेतताना थोडं जास्तच धरतो, मग कात्रीने उतरवतो, तसं.

दुसरं उत्तर नर आणि उभयलिंगी कृमींच्या फरकात आहे. उभयलिंगी कृमीत अंडी बाहेर टाकण्याच्या कामाला दोन खास चेतापेशी असतात. नराला अंडी घालायची नसतात, म्हणून नरात त्या दोघी मरतात. उलट नराच्या डोक्यात चार चेतापेशी असतात ज्या उभयलिंगी कृमीत मरतात. साचा एकच, काय ठेवायचं आणि काय काढायचं, एवढंच वेगळं.

जे दिसत नाही ते शोधायचं कसं

जनुकशास्त्राची पद्धत एका वाक्यात सांगायची तर: मोडा, आणि काय बिघडतं ते पाहा. जनुक म्हणजे साधारणपणे एक प्रथिन बनवायची लेखी कृती. कृमींना एका रसायनात ठेवलं की त्यांच्या जनुकांत इकडेतिकडे चुका होतात. या चुकांना उत्परिवर्तन म्हणतात. मग हजारो कृमींच्या प्रजेतून हवा तसा बिघाड असलेला एक शोधायचा आणि कोणतं जनुक मोडलं ते हुडकायचं.

आपल्याला हवा होता असा कृमी, ज्यात पेशी मरतच नाहीत. पण अडचण पाहा. मरणारी पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बटणासारखी गोल, चपटी, चकचकीत दिसते, आणि तासाभरात शेजारची पेशी तिला गिळून टाकते. एका क्षणी एका कृमीत अशी पेशी दिसली नाही, तर ती मेलीच नाही की मरून गिळलीही गेली, हे सांगणार कसं?

वाट सापडली ती अर्धवट बिघडलेल्या कृमीमुळे. ‘सेड-१’ नावाचं जनुक मोडलं की पेशी मरतात, पण त्यांना गिळण्याचं काम नीट होत नाही. त्यामुळे मेलेल्या पेशी तशाच साचून राहतात, सहज मोजता येतात. (‘सेड’ हे पेशीमृत्यूतला बिघाड या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचं लघुरूप.) आता अशा कृमींमध्ये आणखी चुका घडवायच्या, आणि ज्याच्या अंगात एकही मेलेली पेशी दिसत नाही असा कृमी शोधायचा. हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेत हिलरी एलिस यांना तसा कृमी मिळाला. त्यात मोडलेल्या जनुकाला ‘सेड-३’ नाव पडलं. त्याच्याच जोडीचं ‘सेड-४’ही सापडलं. हे काम १९८६ साली प्रसिद्ध झालं.

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळी गोम इथे आहे. जुनं यंत्र झिजून बंद पडत असेल, तर त्यातला आणखी एक भाग मोडल्याने ते दुरुस्त होणार नाही. पण इथे एक जनुक मोडलं आणि मरणाऱ्या पेशी जगल्या. याचा अर्थ ते जनुक शाबूत असताना काहीतरी करत होतं, आणि ते काम म्हणजे मारणं. पेशीचं मरण ही तिच्यावर ओढवलेली गोष्ट नाही, ती पार पाडली जाणारी कृती आहे.

मग त्या वाचलेल्या पेशींचं काय झालं? त्या दुबळ्या, अर्धमेल्या होत्या का? १९८७ साली याचं सुंदर उत्तर मिळालं. कृमीच्या घशात अन्न पुढे ढकलायला एक चेतापेशी लागते. तिची सख्खी बहीण मात्र एरवी मरते. ‘सेड-३’ मोडलेल्या कृमीत ही बहीण जगते. संशोधकांनी लेझरने मूळ चेतापेशी जाळून टाकली, तर काही कृमींमध्ये त्या बहिणीने तिचं काम सांभाळलं. जिचा मृत्यू ठरलेला होता, ती पेशी धडधाकट आणि कामाची होती.

आत्महत्या की हत्या?

शेजारची पेशी गिळते म्हटल्यावर मनात येतंच की कदाचित तीच मारतही असेल. हे तपासायला असे कृमी घेतले, ज्यांच्या शरीरातल्या काही पेशींत चांगलं जनुक होतं आणि काहींत मोडलेलं. मरणाऱ्या पेशीच्या स्वतःच्या आत ‘सेड-३’ आणि ‘सेड-४’ शाबूत असतील तरच ती मरते, असं जुनयिंग युआन आणि हॉर्विट्झ यांनी १९९० साली दाखवलं. शेजाऱ्यांकडे ती असून उपयोग नसतो. म्हणजे आत्महत्या. पुढे २००१ मध्ये असंही दिसलं की मरणाच्या उंबरठ्यावर रेंगाळणाऱ्या पेशीला गिळणारी शेजारीण थोडा हातभार लावते. तरी निर्णय आणि हत्यार दोन्ही घरातलंच.

कात्री, हात, मनगट

पुढची जनुकं एकेक करून जुळत गेली आणि चौघांची साखळी तयार झाली. तिच्याकडे असं पाहता येईल.

‘सेड-३’ ही कात्री. हे प्रथिन इतर प्रथिनांचे तुकडे करतं. एरवी ते मिटलेल्या अवस्थेत असतं. ‘सेड-४’ हा ती कात्री उघडून चालवणारा हात. ‘सेड-९’ हा त्या हाताचं मनगट घट्ट धरून ठेवणारा रखवालदार. तो पेशीतल्या तंतुकणिकांवर, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या भागांवर, बसलेला असतो. आणि ‘ईजीएल-१’ हा रखवालदाराची पकड सोडवणारा. मरायची वेळ झालेल्या पेशीतच हा चौथा तयार होतो. तो आला की मनगट सुटतं, हात मोकळा होतो, कात्री चालू लागते.

हा क्रम कळला कसा? तोही मोडूनच. ‘सेड-९’ पूर्ण मोडला तर जगायला हव्यात त्या पेशीही भराभर मरतात आणि त्या कृमीची पुढची पिढी वाढूच शकत नाही. पण ‘सेड-९’ आणि ‘सेड-३’ दोन्ही मोडले तर कृमी जगतो. रखवालदार नसला तरी काय बिघडलं, कात्रीच नाही! म्हणजे रखवालदार आधी, कात्री नंतर. जनुकशास्त्रातला हा तर्क पहिल्यांदा कळला तेव्हा मला गणिताची एखादी सिद्धता कळल्याचा आनंद झाला होता. डोळ्यांनी प्रथिन न पाहता ती कोणत्या क्रमाने काम करतात हे कळतं.

याच प्रयोगातून आणखी एक गोष्ट उघड होते, आणि ती ऐकताना जरा दचकायला होतं. रखवालदार नसताना इतक्या पेशी मरतात, याचा अर्थ कात्री आणि हात त्या पेशींमध्ये आधीपासूनच हजर असतात. त्या पेशी जिवंत राहतात, कारण कुणीतरी सतत मनगट धरून ठेवलेलं असतं.

‘ईजीएल’ हे नाव वेगळं का? कारण हे जनुक सापडलं अंडी न घालणाऱ्या कृमींमध्ये. त्यांच्यात त्याचा बिघाड उलट्या दिशेचा होता, आणि अंडी घालायला लागणाऱ्या त्या दोन चेतापेशी मरू नयेत तिथे मरत होत्या. नंतर बार्बरा कॉनराट आणि हॉर्विट्झ यांनी १९९८ साली हेच जनुक पूर्ण मोडलं, तर ठरलेले पेशीमृत्यू थांबले. तेव्हा कळलं की सुरुवातीचा इशारा यातूनच येतो.

कृमीवरून माणसाचं काय कळणार?

हा आक्षेप त्या काळी शास्त्रज्ञही घेत. त्याचं उत्तर माणसाच्या कॅन्सरमधून आलं. फॉलिक्युलर लिम्फोमा या रक्ताच्या एका कॅन्सरमध्ये १४ आणि १८ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलतात आणि ‘बीसीएल-२’ नावाचं जनुक भलतंच सक्रिय होतं. कॅन्सर म्हणजे पेशींची बेसुमार वाढ, तेव्हा हे जनुक वाढ करवणारंच असणार, असं वाटणं साहजिक होतं. मेलबर्नमध्ये डेव्हिड व्हॉक्स आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली दाखवलं की तसं नाही. ते जनुक पेशींना वाढवत नाही, मरू देत नाही.

मग व्हॉक्स यांनी एक धाडसी प्रयोग केला. माणसाचं ‘बीसीएल-२’ जनुक त्यांनी कृमीत घातलं. १९९२ साली निकाल आला: कृमीच्या मरणाऱ्या पेशींपैकी काही वाचल्या. माणूस आणि कृमी यांचे वंश वेगळे होऊन पन्नास कोटींहून अधिक वर्षं झाली, तरी माणसाचा रखवालदार कृमीच्या पेशीत जाऊन मनगट धरू शकला. १९९४ साली ‘सेड-९’ची अक्षरं वाचली गेली, तर तो ‘बीसीएल-२’चाच नातलग निघाला.

बाकीचे दुवेही जुळले. ‘सेड-३’सारखं प्रथिन माणसात आहे, हे १९९३ साली कळलं. आज त्या कुळाला कॅस्पेस म्हणतात आणि माणसात त्यातली डझनभर आहेत. ‘सेड-४’चा भाऊबंद १९९७ साली शाओडोंग वांग यांच्या प्रयोगशाळेने शोधला. ‘ईजीएल-१’सारखीही अनेक प्रथिनं आपल्यात आहेत.

फरकही आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. आपल्यात हात मोकळा होण्यासाठी तंतुकणिकेतून सायटोक्रोम-सी नावाचं प्रथिन बाहेर पडावं लागतं. कृमीत त्याची गरज नसते. आपल्याकडे एकच रखवालदार नाही, रखवालदारांचं कुटुंब आहे. पण साखळीची चौकट तीच.

कॅन्सरच्या पेशीचं मनगट सोडवणं

काही रक्ताच्या कॅन्सरमध्ये पेशी ‘बीसीएल-२’चा साठा करून तगून असतात. हात आणि कात्री आत तयारच असतात, रखवालदार मात्र फाजील. मग ‘ईजीएल-१’सारखं वागणारा एक छोटा रेणू बनवला तर? व्हेनेटोक्लॅक्स हे औषध तेच आहे. ते ‘बीसीएल-२’ला जाऊन चिकटतं आणि पकड सैल करतं. २०१६ साली अमेरिकेत ते पहिल्यांदा मंजूर झालं, क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियाच्या काही रुग्णांसाठी. पुढे इतर रक्ताच्या कॅन्सरमध्येही त्याचा वापर वाढला.

हे औषध कसं देतात त्यावरूनच त्याची ताकद कळते. या ल्युकेमियात सुरुवात अगदी लहान मात्रेने करतात आणि काही आठवड्यांत ती चढवत नेतात. कारण एकदम पूर्ण मात्रा दिली तर इतक्या पेशी एकाच वेळी मरू शकतात, की त्यांच्यातून बाहेर पडलेल्या क्षारांनी मूत्रपिंडं आणि हृदय धोक्यात येऊ शकतं.

मग सगळेच कॅन्सर असे का बरे होत नाहीत? कारण प्रत्येक कॅन्सर याच रखवालदारावर विसंबून नसतो. काही पेशी औषध सुरू झाल्यावर ‘एमसीएल-१’ नावाच्या दुसऱ्या रखवालदाराचा आधार घेतात. काहींमध्ये मरणाचा इशारा देणारी यंत्रणाच मोडलेली असते. त्यातली ‘पी-५३’ प्रसिद्ध आहे. डीएनए बिघडला की ती एरवी पेशीला मरायला लावते.

मरण थांबवलं तर अमर होऊ का?

नाही. ‘सेड-३’ मोडलेला कृमी जास्त पेशी घेऊन जगतो, बहुतेक बाबतींत नेहमीसारखाच वागतो, पण जास्त वर्षं तर सोडाच, जास्त दिवसही जगत नाही. म्हातारपण हा वेगळा विषय आहे. आणि कृमीला जे परवडतं ते उंदराला परवडत नाही. उंदरात ‘सेड-४’चा भाऊबंद काढून टाकला तर मेंदूत नको तितक्या पेशी साचतात आणि बहुतेक पिल्लं जन्माआधीच जातात.

पक्षाघात किंवा मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांत चेतापेशी वाचवायच्या असतील तर कात्री बंद करावी, ही कल्पना साहजिक आहे, पण तितकी सोपी नाही. मरणाच्या वाटा एकाहून अधिक आहेत. कॅस्पेस बंद केले तरी पेशी मरू शकते असा एक मार्ग जुनयिंग युआन यांच्याच गटाने २००५ साली वर्णन केला. १९९० साली ‘सेड-३’चं काम मांडणाऱ्या त्याच युआन.

कृमीनेही आणखी एक वाट दाखवली. नर कृमीत एक पेशी असते, जी वाढत्या जननग्रंथीला शेपटीच्या दिशेने ओढत नेते. तिथे पोचली की ती वाट अडवून बसते, आणि ती मेल्याशिवाय शुक्रपेशींना बाहेर पडायला रस्ता नसतो. ती मरते. पण ‘सेड-३’ मोडलं तरीही मरते. २००७ साली शाय शाहम यांच्या गटाने हे मांडलं, तेव्हा मरताना तिच्या केंद्रकाची कड सुरकुतलेली, खाचाखाचांची दिसते असंही नोंदवलं. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांमध्ये वाढीच्या काळात मरणाऱ्या काही चेतापेशींच्या केंद्रकाची कडही अशीच दिसते. या वाटेवर कात्री कोणती, हात कोणता, मनगट कोण धरतं, हे आता एकेक जनुक मोडून, पुन्हा त्याच पारदर्शक कृमीत, त्या एका पेशीकडे पाहत शोधलं जातं आहे.